पीजचा पडदा

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातलं पीज. १९७५ मध्ये इस्रोने इथे छोटं टीव्ही केंद्र सुरू केलं, आसपासच्या गावांत सार्वजनिक संच बसवले. इथल्या मालिका गावच्याच बोलीत अपुरी मजुरी, जातिभेद यांवर बोलायच्या. मला मात्र त्यांची खरी ताकद विषयांत नाही, प्रेक्षकांत दिसते. ज्याच्यावर टीका आणि ज्याचं दुखणं, ते दोघंही एकाच संचासमोर बसू शकत. १९८४ मध्ये युनेस्कोने या प्रयोगाला पुरस्कार दिला. १९८५ मध्ये केंद्र बंद पडलं. आज आपल्या फोनवर ‘लोकल’ कंटेंट रग्गड आहे. पण तो आपण एकेकटे बघतो, म्हणून चारचौघांत कुणाची मान खाली जात नाही.