‘औषध लागू पडत नाही’ : रक्तगत बुरशीसंसर्ग आणि मराठी आरोग्यलेखनाची परिभाषा

प्रस्तावना

मराठी आरोग्यलेखनाची परंपरा समृद्ध आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंकांतील डॉक्टरांचे लेख व आकाशवाणीवरील भाषणे यांतून क्षय, मधुमेह, हृदयविकार, एड्स अशा रोगांविषयी सामान्य वाचकाला बहुतांशी विश्वसनीय माहिती मिळत आली. मात्र अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तात उतरणारा आणि प्रचलित औषधांना दाद न देणारा बुरशीसंसर्ग या लेखनात जवळजवळ अनुपस्थित आहे. ही अनुपस्थिती केवळ माहितीच्या तुटवड्यातून आलेली नसून परिभाषेच्या दोषातूनही आलेली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील दुधनी या सीमावर्ती बाजारपेठेच्या गावाचा संदर्भ घेतला आहे. एकीकडे सोलापूर व दुसरीकडे कर्नाटकातील कलबुर्गी, अशा दोन वैद्यकीय केंद्रांमध्ये या गावातील गंभीर रुग्णांची विभागणी होते. त्यामुळे परिभाषेचा प्रश्न येथे अधिक तीव्रतेने जाणवतो.

रंगांची परिभाषा

मराठी वाचकाला ‘बुरशी’ दोन रूपांत परिचित आहे. पहिले रूप शिळ्या भाकरीवरील बुरशीचे व कातडीवरील नायटा-गजकर्णाचे. ते किळसवाणे असले तरी जीवघेणे नाही. दुसरे रूप २०२१ मध्ये अवतरले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले, अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनासाठी नातेवाईकांची वणवण झाली आणि ‘काळी बुरशी’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. वस्तुतः काळेपणा बुरशीचा नव्हे, तर रक्तपुरवठा तुटून मृत झालेल्या ऊतींचा असतो. त्याच मे महिन्यात ‘पांढरी’ व ‘पिवळी’ बुरशी यांच्याही बातम्या आल्या. बुरशीला रंगांवरून नावे देऊ नयेत, असे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी तेव्हाच सुचविले होते. परंतु रंग मथळ्याला सोयीचा असतो, आणि मथळ्याचे हित व रुग्णाचे हित एकच असते असे नाही.

या ‘पांढऱ्या बुरशी’च्या आड जो वंश दडला होता, त्याचे नाव कॅन्डिडा. हे किण्व माणसाच्या आतड्यात व त्वचेवर निरुपद्रवीपणे राहते. मात्र शिरेत घातलेली नळी, दीर्घकाळ दिलेली प्रतिजैविके, मोठी शस्त्रक्रिया किंवा खालावलेली प्रतिकारशक्ती यांमुळे वाट मिळाली की ते रक्तात शिरते. त्याला रंग नाही, चेहऱ्यावर खूण नाही. ताप व खालावणारा रक्तदाब एवढेच काय ते दिसते. रंगांच्या परिभाषेत अशा रोगाला जागाच उरत नाही.

कॅन्डिडा ऑरिस ही जाती जपानमधील संशोधकांनी २००९ मध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानातील स्रावातून प्रथम नोंदविली. लॅटिनमध्ये ‘ऑरिस’ म्हणजे कान. भारतात अनुराधा चौधरी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दिल्लीच्या दोन रुग्णालयांतील बारा रुग्णांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. देशातील २७ अतिदक्षता विभागांत २०११-१२ मध्ये झालेल्या पाहणीत कॅन्डिडाच्या रक्तसंसर्गाचे १४०० रुग्ण अभ्यासले गेले. त्यांपैकी सुमारे पाच टक्के रुग्णांत ही जाती आढळली, आणि २७ पैकी १९ विभागांत तिचे अस्तित्व होते. म्हणजे ‘काळी बुरशी’ मथळ्यात येण्याच्या किमान नऊ वर्षे आधी ती भारतीय रुग्णालयांत स्थिरावली होती. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली प्राधान्ययादी जाहीर केली, तेव्हा सर्वोच्च गटातील चार बुरशींत तिचा समावेश झाला. मराठी आरोग्यलेखनात या कालक्रमाचे प्रतिबिंब शोधूनही फारसे सापडत नाही.

‘लागू पडणे’ या क्रियापदाचा विचार

औषधप्रतिरोधाचे वर्णन करताना मराठी माणूस ‘औषध लागू पडले नाही’ असे म्हणतो. ‘गुण आला नाही’, ‘शरीराला औषधाची सवय झाली’ हेही त्याच कुळातील प्रयोग. या तिन्ही वाक्यांत कर्तेपण औषधाकडे किंवा रुग्णाच्या देहाकडे आहे. जंतू वाक्यातून गायब आहे. ‘लागू पडणे’ या प्रयोगामागे औषध व प्रकृती यांच्या अनुरूपतेची जुनी कल्पना आहे. ती आपल्या जागी अर्थपूर्ण असली तरी येथे दिशाभूल करते, कारण प्रतिरोध हा रुग्णाचा गुणधर्म नसून बुरशीचा आहे. रुग्णाच्या देहाला काहीही सवय झालेली नसते. ज्याने आयुष्यात कधी फ्लुकोनॅझोल घेतले नाही, अशा रुग्णालाही शेजारच्या खाटेवरून, तापमापकावरून किंवा अपुऱ्या धुतलेल्या हातांवरून आधीच प्रतिरोधक असलेली बुरशी लागू शकते.

हा भेद व्याकरणाचा वाटला तरी त्याचे परिणाम व्यावहारिक आहेत. ‘त्याच्या अंगाला औषध लागलेच नाही’ असे म्हणणारे कुटुंब दोष नशिबाला किंवा रुग्णाच्या प्रकृतीला देते. खाट, नळी व निर्जंतुकीकरण यांविषयीचा प्रश्न त्याला सुचत नाही. रुग्णालयालाही ही भाषा सोयीची पडते.

बुरशीविरोधी औषधे मुळातच मोजकी आहेत. बुरशीची पेशी रचनेने जीवाणूपेक्षा माणसाच्या पेशीला जवळची असल्याने, तिला मारील पण माणसाला फारशी इजा करणार नाही असे लक्ष्य सापडणे कठीण जाते. गंभीर संसर्गात प्रामुख्याने तीनच कुळांवर भिस्त असते : अॅझोल, अॅम्फोटेरिसिन व इकायनोकँडिन. २००९ ते २०१७ या काळात भारतात गोळा केलेल्या कॅन्डिडा ऑरिसच्या ३५० नमुन्यांपैकी सुमारे नव्वद टक्के नमुने फ्लुकोनॅझोलला प्रतिरोधक होते; अॅम्फोटेरिसिनला आठ टक्के, तर इकायनोकँडिनला दोन टक्के. सर्वांत स्वस्त व सर्वत्र मिळणारे औषध सर्वाधिक निकामी, हा या आकड्यांचा अर्थ आहे. येथे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मां. ज. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास ‘हॅमायसिन’ हे बुरशीरोधक शोधले, त्याच प्रयोगशाळेने पिकांसाठी ‘ऑरिओफंगिन’ही दिले. हॅमायसिनचा उपयोग मुख्यतः बाह्य उपचारापुरता राहिला. तरीही मराठी विज्ञानलेखनाने पेनिसिलिनच्या कथेला जितकी पाने दिली, त्याच्या शतांशानेही या कथेला दिली नाहीत.

शेतीच्या मराठीकडून घेण्यासारखे

याउलट शेतीविषयक मराठी लेखन या बाबतीत कितीतरी पुढे आहे. दुधनीची बाजार समिती तुरीच्या व्यापारासाठी परिचित आहे, आणि तूर पिकविणारा शेतकरी मर रोग जाणतो. या रोगात फ्युजारियम बुरशी मुळातून शिरून झाडाच्या रसवाहिन्यांत पसरते. वरून पाणी असूनही झाड वाळते, आणि खोड उभे चिरले की आत काळपट रेघ दिसते. बुरशी केवळ पृष्ठभागावर नसून वाहिन्यांच्या आत असू शकते, ही संकल्पना या शेतकऱ्याला नव्याने शिकवावी लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातील द्राक्षबागायतदारही भुरी व केवड्यासाठी एकच बुरशीनाशक पुनःपुन्हा फवारत नाही, कारण बुरशी त्याला ‘दाद देईनाशी होते’. या वाक्यात कर्ता बुरशी आहे. कृषिविषयक सदरांनी रुळविलेला हा प्रयोग आरोग्यलेखनाने उचलला असता, तर निम्मे काम झाले असते.

येथे एका सावधगिरीची गरज आहे. पिकांवर फवारली जाणारी अनेक बुरशीनाशके अॅझोल कुळातील आहेत, आणि रुग्णांना दिली जाणारी औषधेही त्याच कुळातील. अॅस्परजिलस या बुरशीबाबत शेतीतील वापर व रुग्णांतील प्रतिरोध यांचा संबंध बऱ्याच अंशी सिद्ध झाला असून, भारतात पर्यावरणातून घेतलेल्या नमुन्यांतही अशी प्रतिरोधक अॅस्परजिलस २०१२ मध्ये नोंदली गेली. कॅन्डिडा ऑरिसबाबत मात्र हा संबंध अद्याप अनुमानाच्या पातळीवर आहे. २०२१ मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावर व खारपाणथळीत, तर त्यानंतर उत्तर भारतातील साठवलेल्या सफरचंदांवर ती आढळली. वाढत्या तापमानाशी जुळवून घेतल्याने ती माणसाच्या देहोष्णतेत तग धरू लागली असावी, ही आर्तुरो कासाडेव्हाल व सहकाऱ्यांची २०१९ ची मांडणीही गृहीतकच आहे. ‘फवारणीमुळे रक्तात बुरशी’ असा मथळा उद्या कोणी दिला, तर तो ‘काळ्या बुरशी’इतकाच सदोष ठरेल.

कागद आणि सीमा

दुधनीसारख्या गावातील रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न निदानाचा आहे. रक्त संवर्धनाची चाचणी लहान रुग्णालयात सहसा होत नाही. झाली तरी खोलवर पसरलेल्या कॅन्डिडासंसर्गापैकी जवळजवळ निम्मे संसर्ग तीत निसटतात. बुरशी वाढलीच, तर प्रचलित स्वयंचलित यंत्रे कॅन्डिडा ऑरिसला अनेकदा ‘कॅन्डिडा हिमुलोनाय’ या भावंडाच्या नावाने ओळखत आली आहेत. तोवर रुग्ण एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील रुग्णालयात गेलेला असतो. बाधित रुग्णाच्या त्वचेवर ही बुरशी महिनोन्महिने राहू शकते. निरोगी घरच्यांना तिचा धोका फारसा नसतो, पण पुढच्या रुग्णालयातील शेजारच्या खाटेला असतो. ऑक्सफर्डच्या रुग्णालयाने पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या काखेतील तापमापकांतून झालेला आपल्याकडील प्रसार २०१८ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केला. असा प्रांजळपणा हा लेखनाचाही एक प्रकार आहे, आणि मराठीत त्याचा नमुना उपलब्ध नाही.

नातेवाइकांच्या हाती मात्र पडतो तो इंग्रजीतील घरपाठवणीचा कागद. त्यांच्या स्मरणात राहतात ‘इन्फेक्शन वाढले’ किंवा ‘रक्तात जंतू झाले’ एवढीच वाक्ये. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा बोलणाऱ्या या गावात, त्या कागदावर बुरशीचे नाव, ती कोणत्या औषधांना दाद देत नाही याची नोंद आणि ‘पुढील रुग्णालयात दाखल होताना हे आधी सांगावे’ ही सूचना दोन्ही लिप्यांत असावी, यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही. त्यासाठी लागणारे मराठी वाक्य तूर-द्राक्षांच्या शेतकऱ्याकडे तयार आहे. ते रुग्णालयाच्या छापील नमुन्यात अद्याप उतरलेले नाही.