जसेच्या तसे ठेवलेले दोन शब्द

मूळ शब्द अनुवादात जसाच्या तसा ठेवायचा की नाही, हा प्रश्न आपण सहसा शैलीचा मानतो. दादरा आणि नगर हवेलीविषयीचे दोन इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी वाचले, की तो सत्तेचाही प्रश्न असतो हे ध्यानात येते.

पहिला मजकूर आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १२ एप्रिल १९६० च्या निकालाचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा मुलूख पोर्तुगिजांच्या हातून गेला. सुधीर फडके यांच्या सहभागामुळे तो लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगमध्ये दावा लावला : दमणहून तिथे जायला भारताच्या हद्दीतून वाट मिळावी. एक आधार होता १७७९ च्या पुणे तहाचा. पेशव्यांनी गावे दिली म्हणजे सार्वभौमत्वच दिले, असा पोर्तुगालचा अन्वयार्थ. न्यायालयाने तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ आणि नंतरच्या दोन सनदा तपासल्या. पोर्तुगिजांना मिळाला तो वर्षाला १२,००० रुपयांचा महसूल, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम, असे ठरले. मुलूख कायमचा द्यायचा असे तेव्हा मराठे तसे स्पष्ट लिहीत, हेही निकालात नोंदले आहे.

‘सरंजाम’ हा शब्द इंग्रजी निकालात कायम राहिला, सोबत अर्थाची फोडही आली. त्या जागी नुसते ‘प्रदेश’ आले असते तर शब्दाबरोबर सार्वभौमत्वही गेले असते. मी राहते ते होसकोटे सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होते. तेवढ्यावरून आदिलशहाने त्यावरचे राज्य सोडले होते असे कोणी म्हणत नाही. अर्थात शब्दाने सगळे निभावले नाही. तहाने जे दिले नव्हते ते पुढे ब्रिटिशांच्या वागणुकीतून पोर्तुगालला मिळाले, असे न्यायालयाने मानले. नागरी वाहतुकीपुरता वाटेचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला, सशस्त्र दलांसाठी ८ विरुद्ध ७ मतांनी नाकारला गेला, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही हे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले.

दुसरा मजकूर १९६१ च्या दादरा आणि नगर हवेली कायद्याचा. मराठीत सांगितली जाणारी गोष्ट बहुधा १९५४ च्या विजयापाशी थांबते. पण पुढची सात वर्षे हा मुलूख ना पोर्तुगालचा होता, ना रीतसर भारताचा. तिथल्या कारभाराचे मुख्य मंडळ होते ‘वरिष्ठ पंचायत’. विलीनीकरणाचा ठराव तिनेच केला. करारावर नेहरूंबरोबर सही करण्यासाठी के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान करण्यात आले. त्यानंतर आलेल्या कायद्याच्या चौथ्या कलमात पंचायतीचे नाव शाबूत आहे, काम मात्र धोरणांवर चर्चा करून प्रशासकाला शिफारशी करण्याचे, निव्वळ सल्लागाराचे.

इथे न बदललेला शब्द झाकण्याचे काम करतो. इंग्रजीत तिला आधीपासून ‘हंगामी सरकार’ म्हटले असते, तर सरकारचे सल्लागार मंडळ एका कलमात कसे झाले, हे वाचकाने विचारले असते. ‘पंचायत’ वाचून तो गावपातळीची संस्था समजतो आणि पुढे जातो. ‘हंगामी सरकार’ म्हणणेही निर्दोष नाही. सही करायला भारताचाच अधिकारी आणावा लागला, हे त्या शब्दात मावत नाही. शिवाय वारली, धोडिया, कोकणा अशी बहुसंख्य आदिवासी वस्ती असलेल्या या मुलखात ‘वरिष्ठ’ हा संस्कृत शब्द लोकांच्या रोजच्या बोलीतला असण्याचा संभव कमीच.

सत्तांतराच्या काळातल्या मंडळांची नावे अशीच वाचावी लागतात. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर जॉर्जियात जानेवारी १९९२ मध्ये लष्करी परिषदेने सत्ता घेतली. मार्चमध्ये शेवर्दनाद्झे परतले आणि तिची जागा राज्य परिषदेने घेतली. तिथे निदान नाव तरी बदलले. ‘सोव्हिएत’ हा शब्दही आपण अनुवाद न करता वापरतो. रशियनमध्ये त्याचे दोन अर्थ आहेत : परिषद आणि सल्ला.

वरिष्ठ पंचायतीने हे दोन्ही अर्थ एकामागून एक भोगले. म्हणून मराठीत तिच्याविषयी लिहिताना नाव जरूर तेच ठेवावे, पण त्यापुढे वर्ष लिहावे आणि त्या वर्षी तिच्या हाती काय होते तेही. निकालाने ‘सरंजाम’पुढे अर्थ मांडला, कायद्याने ‘वरिष्ठ पंचायती’पुढे फक्त मर्यादा मांडल्या.