हिरकणी घरी पोचली, पुढे काय?

हिरकणीची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गवळण, रायगडावर दूध घालायला गेलेली, कोजागिरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं लेकरू. ती कडा उतरते आणि घरी पोचते. पुढे महाराज तिथे बुरूज बांधतात. २०१९ साली प्रसाद ओक यांनी तिच्यावर सिनेमा काढला, सोनाली कुलकर्णी हिरकणी झाली, आणि कडा मोठ्या पडद्यावर आला. एसटी स्टँडवर बाळाला पाजायला जी खोली असते, तिलाही आपण ‘हिरकणी कक्ष’ म्हणतो.

या गोष्टीबद्दल माझी एक तक्रार आहे. ती नेमकी जिथे अवघड व्हायला हवी, तिथेच संपते. गोष्टीतलं संकट म्हणजे फक्त अंतर. आई वर, लेकरू खाली. एकदा ती पोचली की सगळं आपोआप होणार, हे सांगणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. लेकरू तोंड उघडणार, दूध येणार, पोट भरणार. आई जवळ आहे, लेकरू मांडीवर आहे आणि तरीही दूध पोटात जात नाही, या प्रसंगाला आपल्याकडे बुरूज नाही, आणि माझ्या वाचनात तरी गोष्टही नाही.

ही तक्रार मला वाचनातून सुचलेली नाही. निलंग्याला माहेरी माझं बाळंतपण झालं. बाळाचं जन्माचं वजन २७०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी ते २४८० झालं. पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण दोन आठवड्यांत ते पुन्हा जन्माच्या वजनावर यायला हवं असतं. चौदाव्या दिवशी काटा २५६०वर थांबला. बाळ तासन्‌तास अंगावर असायचं, मधेच झोपायचं, उठून परत रडायचं. बघायला येणाऱ्या बायका एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणायच्या. “लेकराला दूध पुरंना बग.” “लेकरू सुकायलंय की गं.” “तू टेन्शन घ्यायलीस, म्हणून पान्हा फुटंना.” कुणाचंही मन वाईट नव्हतं. पण हे शब्द त्यांचे स्वतःचे नव्हते. त्यांच्यामागे मोठी साहित्यिक परंपरा उभी होती. म्हणून ती परंपरा वाचायला हवी.

सुरुवात ‘पान्हा’पासून करू. मराठीत हा शब्द दुधापेक्षा मायेसाठीच जास्त वापरला गेला. संतांनी विठ्ठलाला माउली केलं. गाय-वासराची, आई-लेकराची उपमा भक्तीला दिली. त्यांच्याकडे कासवीही आहे. ती पिल्लांना नुसत्या नजरेनं पोसते, तिला दूध लागतच नाही. रूपक म्हणून हे सुंदर आहे. मात्र शेकडो वर्षं हेच ऐकत आलेल्या समाजात माया आणि दूध एकच होऊन जातात. मग दूध कमी म्हणजे माया कमी, असा हिशोब कुणी तोंडानं न मांडताही होतो. त्याची वसुली बाळंतिणीकडून होते.

गंमत अशी की ‘पान्हा’चा दुसरा, शहाणा अर्थ आमच्या गोठ्यात आहे. लातूर जिल्हा देवणी गाईचा. जनावर नीट पान्हवलं नाही तर धार काढणारा माणूस त्याच्या मायेवर शंका घेत नाही. तो वासरू लावतो, कास कोमट पाण्यानं धुतो, गोठ्यातली गडबड थांबवतो, रोजचाच माणूस धारेला बसवतो. जनावर ‘पान्हा चोरतं’ म्हणजे दूध आहे, पण सुटत नाही, हे त्याला ठाऊक असतं. शरीरशास्त्रही हेच सांगतं. दूध तयार होणं वेगळं आणि सुटणं वेगळं. सुटण्यासाठी बाळाचं चोखणं आणि आईला स्वस्थपणा लागतो. तयार होण्यासाठी आधीचं दूध निघून जावं लागतं. जितकं निघेल, तितकं येईल. गोठ्यात वापरायची ही अक्कल आपण माजघरात आणलीच नाही. चिकाचंही तसंच. गाईच्या चिकाचा खरवस व्हावा म्हणून शेजारपाजारचे वाट बघतात, आणि कित्येक घरांत बाळंतिणीचा चीक मात्र वाईट म्हणून पिळून टाकायचे.

सरकारी भाषेनं तरी वेगळं काही केलं का? २०१६ साली केंद्र सरकारनं स्तनपानाचा कार्यक्रम आणला. त्याचं नाव ‘मा’, म्हणजे ‘मदर्स ॲब्सोल्यूट अफेक्शन’, आईची निखळ माया. कार्यक्रमाच्या आत कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आहे, आशाताईंनी घ्यायच्या मातांच्या बैठका आहेत. पण पाटीवर परत मायाच. ‘आईचं दूध अमृत’ हे पोस्टरही तसंच. अमृत आहे हे खरंच, पण ते बाळाच्या तोंडात कसं जायचं, हे पोस्टर सांगत नाही.

आता दुधाच्या पावडरीचा डबा वाचा. १९९२च्या कायद्यानुसार त्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही, आणि आईचं दूध सर्वोत्तम आहे ही सूचना ठळक छापावी लागते. हा कायदा गरजेचाच आहे. कंपन्यांनी गुटगुटीत बाळांची चित्रं दाखवून काय केलं, हे जगानं पाहिलंय. तरी रात्री तीन वाजता डबा हातात घेऊन ती ओळ वाचणाऱ्या बाईला तो कायदा वाटत नाही, टोमणा वाटतो. कारण तिला आधीच्या सगळ्या मजकुरानं तसंच वाचायला शिकवलेलं असतं.

या सगळ्यात मला उपयोगी पडलेला मजकूर साहित्य म्हणून कुणी वाचत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात आरोग्य आणि पोषणाचे व्हिडिओ आहेत, मराठीतही आहेत. फोनवर फुकट दिसतात. आवाज सपाट, चित्रं साधी. सिनेमाच्या हिशोबानं पाहिलं तर कंटाळवाणे. पण त्यांचं गद्य बघा. त्यात विशेषणं नाहीत, क्रियापदं आहेत. डाव्या बाजूला पाजताना बाळाला उजव्या हातानं धरायचं. अंगठा आणि बोटं त्याच्या कानांमागे. बाळाचं नाक बोंडासमोर. जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. मग हनुवटी आधी लावायची. बोंडाभोवतीचा काळा भाग, खालचा जास्त, तोंडात गेला पाहिजे. नुसतं बोंड चोखलं तर आईला दुखतं आणि बाळाला फार काही मिळत नाही. इथे आई चांगली किंवा वाईट नाही. पकड बरोबर किंवा चूक आहे, आणि चुकलेली पकड सोडवून पुन्हा लावता येते.

डॉक्टरांनी बाळाला तपासलं, दुसरा आजार नाही याची खात्री केली. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर हातानं काढलेलं दूध बोंडल्यानं द्यायला सांगितलं. एकविसाव्या दिवशी २७३०. अठ्ठाविसाव्या दिवशी २९५०. बेचाळिसाव्या दिवशी ३४००. हे आकडे मी कवितेसारखे पाठ म्हणू शकते.

त्या आकड्यांचाही एक लेखक आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना घरोघर जाऊन नवजात बाळं तपासायला, वजन करायला शिकवलं. त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि पुढे घरी जाऊन बाळ बघण्याची पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. झोळीचा काटा, एक तक्ता, एक पेन. माझ्या मते, नव्या आईविषयी मराठीत रोज लिहिला जाणारा सगळ्यात प्रामाणिक मजकूर तोच आहे. रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ, दिवसाला सहा-सात वेळा लघवी. एवढ्यावर तो ठरवतो की सगळं ठीक आहे की बाळाला दवाखान्यात न्यायचं.

कुणी म्हणेल, दंतकथेकडून दूध पाजण्याचं तंत्र मागणं हा अन्याय आहे. गोष्ट धाडसाची आहे, तिला धाडसाचीच राहू द्या. मान्य आहे. पण मग हिरकणीशेजारी दुसरी गोष्टही सांगायला हवी, आणि ती आपल्याकडे आहे. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, म्हणून संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी दूध पाजलं. म्हणजे ज्या राजानं हिरकणीचा बुरूज बांधल्याचं आपण सांगतो, त्याच्याच घरी आईचं दूध पुरलं नव्हतं. तिथे सईबाईंच्या मायेचा पंचनामा कुणी केला नाही. दूध देऊ शकणारी बाई शोधली, तिला मान दिला. १९८९ साली मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी दूधपेढी सुरू केली. माझ्या लेखी तो धाराऊचाच वारसा आहे. एकीचं दूध दुसरीच्या लेकराला, आणि त्यात कुणाचीच मान खाली नाही.

हिरकणी आपल्याला सांगते की आई काहीही करू शकते. बाळंतिणीला हे वाक्य आधार वाटण्याऐवजी ओझं वाटतं, कारण त्यात दुसऱ्या कुणाला काम दिलेलंच नाही. धाराऊची गोष्ट सांगते की लेकरू वाढवायला आईखेरीज आणखी माणसं लागतात. तिच्यावर सिनेमा निघेल तेव्हा निघेल. पण स्टँडवरच्या त्या खोलीच्या भिंतीवर कडा उतरणाऱ्या बाईच्या चित्राशेजारी पकडीची चार चित्रं लावायला काहीच हरकत नाही. आत बसलेल्या बाईनं कडा केव्हाच उतरलेला असतो. तिला पुढचं हवं असतं.