पायडल-विचार

साठी उलटल्यावर माणसाने पर्वतीच्या पायऱ्या चढाव्यात. मी रेसिंग सायकलीला जुन्या घाटाची पायडलं शोधत बसलो. सायकल थोरल्या भावाची. तो गेला, पायडलंही गेली. तिला शोभतील तीच लावायची, हा माझा हट्ट.

उमेदवार तीन. पहिलं पिंजऱ्याचं: पुढे पोलादी चाप, वरून चामडी पट्टा. देखणं प्रकरण! पण पट्टा आवळला, की उतरण्याआधी वाकून सैल करावा लागतो. दुसरं इटलीतल्या चिनेलीचं एम-७१. यात बूटच अडकतो आणि हाताने खटका सरकवल्याशिवाय सुटत नाही. 'मरणाचं पायडल' हे नाव त्याला उगाच पडलं नाही. तिसरं १९८४ चं, लूकचं. स्कीची पकड बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीची ही अक्कल: टाच बाहेर वळवा, पाय मोकळा. १९८५ साली बर्नार्ड इनोने यावरच टूर द फ्रान्स जिंकली. गुण सगळे, रूप मात्र साबणदाणीचं.

अर्थात पिंजरा लावला. पहिल्याच सिग्नलला पट्टा सुटेना. मी सायकलीसकट शेजारच्या रिक्षावर सावकाश कलंडलो.

"काका, पाय टेका की!"

घरी आयोडेक्स चोळताना ही म्हणाली, "अहो, भाऊजी पट्टा कधी आवळायचेच नाहीत."

हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारणार होतो. पण आयोडेक्स तिच्या हातात होतं.