'कॅरी'तील गुलाबी झगा

भयपटातील वेषभूषेचा विचार बहुधा एका ठराविक वाटेने होतो: आधी फिकट वस्त्र, मग त्यावर रक्त, म्हणजेच निष्पापपण आणि त्याचा विटाळ. ब्रायन डी पाल्मा यांच्या 'कॅरी' (१९७६) या चित्रपटाविषयीही पुष्कळदा असेच म्हटले जाते. रोझॅना नॉर्टन यांनी योजिलेली त्यातील वेषभूषा मात्र या सोप्या समीकरणात मावत नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षातील या मुलामुलींच्या अंगावरील कपडे त्यांचे वय दाखवितात, हे खरे; पण ते वय ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा तंटा आहे, आणि तो कपड्यांवरूनच चालतो.

प्रारंभीच व्हॉलीबॉलच्या मैदानावर मुली खेळाच्या गणवेषात दिसतात. गणवेषाने सर्व सारख्या व्हाव्यात, अशी अपेक्षा असते. येथे तो कॅरीचे वेगळेपणच उघडे पाडतो. आणि नॉर्मा या तिच्या वर्गभगिनीच्या डोक्यावरील लाल टोपी, जी पुढे समारंभापर्यंत तिला सोडीत नाही, टोळीच्या निशाणासारखी मिरवते. लगेच पुढच्या स्नानगृहातील प्रसंगात ऋतुप्राप्तीचा अर्थच ठाऊक नसलेली कॅरी विवस्त्र आणि भेदरलेली आहे. ती शिक्षिकेला बिलगते आणि तिच्या आखूड विजारीवर रक्ताचा डाग उमटतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत शिक्षिका तो डाग घेऊनच उभी राहते. त्यांची नजर तिकडे वळते आणि ओशाळते. चित्रपटात वस्त्रावर पडलेले पहिले रक्त हे असे एका प्रौढ स्त्रीच्या अंगावर आहे, याची दखल टीकाकारांनी फारशी घेतलेली नाही.

सिसी स्पेसेक चित्रीकरणाच्या वेळी पंचविशी ओलांडलेल्या होत्या. अंगाशी न बसणाऱ्या निस्तेज कपड्यांत त्यांचे शरीर असे दडविलेले आहे, की सतरा वर्षांची मुलगीही लहान भासावी. हे बालपण आईने लादलेले आहे. म्हणून कॅरी शिवणयंत्रावर स्वतःचा झगा शिवते, तो चित्रपटातील सर्वांत शांत क्षण ठरतो. शालेय नृत्यसमारंभाचे निमंत्रण तिला दुसऱ्यांच्या कृपेने मिळाले आहे. झगा मात्र सर्वस्वी तिचा. स्टीफन किंग यांच्या १९७४ च्या मूळ कादंबरीत तो लाल मखमलीचा आहे. चित्रपटात तो फिकट गुलाबी साटीनचा झाला, आणि या एका बदलाने संघर्षाला निराळीच धार आली. आईला तो लालच दिसतो. मुलगी गुलाबी म्हणते, आई लाल म्हणते. तो उतरवून जाळून टाकावा, असा तिचा आग्रह आहे. पायपर लॉरी यांनी हा प्रसंग आक्रस्ताळेपणाने न रंगविता जवळजवळ विनवणीच्या सुरात केला आहे, हे त्यांचे यश. मुलीच्या तारुण्याचा रंग कोणता हे सांगण्याचा हक्क आईकडे, की ज्या हातांनी कापड बेतले त्यांच्याकडे, हा प्रश्न येथे एका शब्दात येऊन ठाकतो.

यापुढे चित्रपटाविषयी शंका येते. डुकराचे रक्त कोसळते आणि झगा लाल होतो; आईने केलेले नामकरण खरे ठरते. मैत्रिणींची दुष्टता आणि आईची भविष्यवाणी एकाच बादलीत एकत्र येतात. डी पाल्मा यांना हा उपरोध अभिप्रेत असावा, असे मानता येते. तथापि दृश्याची मोहिनी इतकी प्रबळ, की प्रेक्षकाच्या स्मरणात लाल कॅरीच राहते आणि शिवणारी कॅरी पुसली जाते. चित्रपटाच्या जाहिरातींनीही हेच रूप उचलले.

घरी परतल्यावर ती रक्त धुऊन पांढरा रात्रीचा झगा घालते. आईही पांढऱ्याच झग्यात तिची वाट पाहत आहे. समारंभासाठी मिळविलेले वय अंगावरून उतरले आहे, आणि आईच्या मिठीत शिरलेल्या त्या मुलीच्या पाठीत सुरी बसते. अखेरच्या स्वप्नदृश्यात शुभ्र पोषाख वाचलेल्या स्यूच्या अंगावर आहे. ती कॅरीच्या घराच्या जळक्या अवशेषांवर फुले ठेवावयास वाकते, तेव्हा त्यांतून वर येतो तो केवळ रक्ताने माखलेला हात.