शाळांचे इतिहास आणि शाळांचीं दप्तरें

खानदेशांतील इंग्रजी शाळांचे जे लहानमोठे इतिहास समारंभप्रसंगीं छापले जातात, त्यांविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. अमळनेरचेंच उदाहरण घ्यावें. खानदेश एज्युकेशन सोसायटी इ. स. १९०८ मध्यें निघाली. साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० एवढीं सहाच वर्षें शिक्षक होते. तथापि त्या शाळेची हकीकत सांगणारा बहुधा या सहा वर्षांतच गुंततो. गुरुजींची थोरवी आम्हांसही मान्य आहे. पण छात्रालयांतील मुलांचीं अंथरुणें आवरणारे गुरुजी जसे इतिहासाचा विषय, तसाच त्या छात्रालयाचा खर्च, फी व नादारीचा नियमही.

दुसरा दोष स्थापनेच्या सनाचा. जुन्या मुंबई इलाख्यांत मराठी चार इयत्तांनंतर इंग्रजी पहिली ते सातवी व अखेरीस मॅट्रिक असा क्रम असे. गांवची शाळा पुष्कळदां एकदोन वर्गांनिशीं निघे, पुढें वर्ग चढत. म्हणून पहिला वर्ग भरल्याचा सन, सरकारी मान्यतेचा सन आणि पहिली तुकडी मॅट्रिकला बसल्याचा सन हे तीन निराळे असावयाचे. समारंभग्रंथ त्यांतला सर्वांत जुना उचलतात व पूर्ण हायस्कुलाचा मान त्यास देतात.

रावेरसारख्या ठिकाणीं ही गल्लत अधिक नडते. इ. स. १९०६ मध्यें खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हां रावेर पूर्व खानदेशांत आलें. त्याच भुसावळ-खंडवा रेल्वेवरचें बऱ्हाणपूर मात्र मध्यप्रांतांत, म्हणजे निराळ्या शिक्षणखात्याखालीं. तेव्हां सावदा, निंभोरा, ऐनपूर येथील कुणब्याचा मुलगा कोणत्या गाडीनें कोठें शिकावयास गेला, आणि रावेरास वर्ग चढल्यावर तो ओघ थांबला काय, याचें उत्तर देणगीदारांच्या यादींत मिळणार नाहीं. तें जनरल रजिस्टरांत शोधावें. नांव, जात, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, आणि सर्वांत बोलका रकाना म्हणजे 'शाळा सोडल्याचें कारण'. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणतीं नांवें गळतात, मुलीचें पहिलें नांव कोणत्या सालीं चढतें, हें त्याच वहींत सांपडावयाचें.

धुळ्यास इ. स. १९२७ मध्यें राजवाडे संशोधन मंडळ निघालें तें जुनीं दप्तरें वांचविण्याच्या ध्यासानेंच. सनदा व ताम्रपट यांसाठीं खेडीं पालथीं घालणाऱ्या संशोधकांनीं शाळांच्या कपाटांतील या वह्यांकडे पाठ फिरवावी, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. वाळवीला मोडी आणि बाळबोध यांतला भेद कळत नाहीं. पुढचा समारंभग्रंथ छापखान्यांत जाण्यापूर्वीं रावेर व सावदा येथील रजिस्टरांच्या नकला तरी करून घ्याव्यात.