जाळे, पाणी आणि डोळा : सफीउद्दीन अहमद यांची मुद्राचित्रे

‘मुसलमान आणि चित्रकला’ असा विषय निघाला, की आपल्याकडे चर्चा दोनच वाटांनी जाते. एक वाट जानदाराची तसवीर काढावी की काढू नये या मसल्याकडे, आणि दुसरी पंढरपूरला जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांच्याविषयीच्या वादांकडे. या दोन वाटांच्या गर्दीत खुद्द चित्रे पाहायची राहून जातात. बांगलादेशचे मरहूम चित्रकार सफीउद्दीन अहमद (१९२२-२०१२) यांची चित्रे मराठी वाचकांकडून अशीच पाहायची राहिली आहेत. त्यांनी आयुष्यभर खेडे, नदी, पूर, मासे आणि जाळी यांचीच चित्रे केली. हे विषय आपल्याला परके नाहीत.

सफीउद्दीन जन्माने कलकत्त्याचे. तेथील सरकारी कलाशाळेत ते शिकले आणि रमेंद्रनाथ चक्रवर्ती यांच्या हाताखाली मुद्राचित्रणाकडे वळले. विद्यार्थिदशेपासून ते संथाळ परगण्यातील दुमका भागात (आजच्या झारखंडात) चित्रे काढण्यासाठी जात. ‘घरी परतताना’ (१९४४), ‘संथाळ रमणी’ (१९४६) आणि ‘जत्रेच्या वाटेवर’ (१९४७) ही त्यांची गाजलेली काष्ठमुद्राचित्रे या भटकंतीतून आली. त्याच परिसराची तैलचित्रेही त्यांनी केली.

या चित्रांचे मर्म कळण्यासाठी त्यांची कृती थोडी समजून घ्यावी लागते. लाकडाच्या आडव्या कापाच्या, गुळगुळीत घासलेल्या ठोकळ्यावर टोकदार पोलादी हत्याराने बारीक रेघा कोरायच्या. मग पृष्ठभागावर शाई फिरवून कागदावर ठसा घ्यायचा. कोरलेली रेघ पांढरी उमटते आणि न कोरलेला भाग काळा राहतो. म्हणजे कागदावर पेन्सिलीने काढणारा चित्रकार उजेडावर अंधार चढवतो, तर हा कलावंत अंधारातून उजेड कोरून काढतो. चुकलेली रेघ पुसता येत नाही. झाडांच्या गर्दीतून माणसांच्या पाठीवर पडणारा उजेड सफीउद्दीन यांनी असा एकेका रेघेने कमावलेला आहे. एवढा संयम विशी-बाविशीच्या तरुणात असावा, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

पण येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. कलकत्त्याच्या रस्त्यांवर प्रेते पडलेली होती. जैनुल आबेदिन यांनी काळ्या शाईने आणि कोरड्या कुंचल्याने ती उपाशी माणसे कागदावर उतरवली. पुढे अनेक वर्षे मुंबईत राहून लिनोकट करणारे चित्तप्रसाद यांनी मिदनापूर जिल्ह्यात फिरून दुष्काळाची चित्रे काढली. त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. त्याच सुमारास सफीउद्दीन यांची नावाजलेली चित्रे मात्र घरी परतणाऱ्या, जत्रेला जाणाऱ्या माणसांची आहेत. मग त्यांनी भुकेकडे पाठ फिरवली असे म्हणावे काय?

तसा आरोप करणे सोपे आहे. दुमक्याच्या चित्रांत गोडवा थोडा जास्त आहे, संथाळांच्या जगण्यातले कष्ट त्यांत फारसे दिसत नाहीत, हे आम्हांसही मान्य आहे. शहरातून आलेल्या पाहुण्याची ती नजर आहे. पण चित्रकाराचा हिशेब एका दशकावर मांडू नये. त्यांच्या चित्रांत पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे.

१९४७ साली फाळणी झाली. सफीउद्दीन यांना जन्मगाव सोडून ढाक्याला जावे लागले. १९४८ मध्ये जैनुल आबेदिन, कमरुल हसन, अनवारुल हक आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तेथे दोन खोल्यांत कलाशाळा उभी केली आणि मुद्राचित्रण विभाग सांभाळला. आज ढाका विद्यापीठाची ललितकला शाखा म्हणून ती ओळखली जाते. ज्या समाजात चित्र काढण्याबद्दलच शंका होती, त्या समाजात या चार-पाच माणसांनी वादविवाद करत न बसता वर्ग सुरू केला. आम्हांस हे उत्तर फार मोलाचे वाटते.

नव्या भूमीत दुमक्याचा लाल माळ नव्हता, सालवन नव्हते. होते ते पाणी. १९५४ आणि १९५५ च्या पुरांनी पूर्व बंगाल बुडाला होता. १९५६ साली सफीउद्दीन लंडनला गेले. तेथे मर्लिन इव्हान्स यांच्याकडे त्यांनी धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघ कोरण्याचे तंत्र आत्मसात केले. राळेची भुकटी पत्र्यावर बसवून आम्लाच्या साहाय्याने छटा मिळवण्याचे अ‍ॅक्वाटिंटही त्यांच्या हाती आले. ओल्या मुलखासाठी त्यांना जणू ओले तंत्र सापडले. ‘पूर’ (१९५९), ‘निळे पाणी’ आणि ‘क्षुब्ध मासा’ (१९६४) ही चित्रे पाहताना हे पटते. आता माणसे जवळजवळ नाहीशी झाली आहेत. उरली आहेत जाळ्याची वळणे, लाटेच्या रेघा, माशाचे अंग आणि त्याचा वटारलेला डोळा.

माणसे गेली म्हणून ही चित्रे कोरडी झाली, असे कोणी म्हणेल. आमचे मत उलट आहे. दुमक्याच्या चित्रांत आपण गरिबाकडे पाहत होतो. ‘क्षुब्ध मासा’मध्ये सापडलेला जीव आपल्याकडे पाहतो. पाहुण्याची नजर येथे संपली आहे. विशेष म्हणजे जैनुल आबेदिन यांनी १२ नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळानंतर ‘मनपुरा’ या लांबलचक पटात किनाऱ्यावरच्या प्रेतांची रास प्रत्यक्ष दाखवली. सफीउद्दीन यांनी त्याच मुलखाचे भय एका माशाच्या डोळ्यात बसवले. एकाने आकांत मांडला, दुसऱ्याने तो गिळला. दोन्हींची गरज होती.

हाच डोळा पुढे माणसाचा होतो. १९७१ च्या मुक्तिसंग्रामानंतर ‘आक्रोश’ (१९८०) आणि ‘एकाहत्तरची स्मृती’ (१९८८) या ताम्रपटांत आसवांनी भरलेले डोळेच डोळे आहेत. १९४३ साली जे अश्रू चित्रात आले नाहीत, ते इतक्या उशिराने आले असे आम्हांस वाटते. हा आमचा अंदाज आहे. पण चित्रे शेजारी शेजारी ठेवली की तो मनातून जात नाही.

एक तक्रार मात्र राहते. मुद्राचित्र ही एका ठशातून अनेक प्रती काढता येणारी कला. सामान्याच्या घरात पोहोचण्याची ताकद तिच्यात आहे. सफीउद्दीन यांनी मात्र प्रदर्शने थोडी भरवली आणि चित्रे विकण्याचे बहुधा टाळले. त्यांच्या कठोर आत्मपरीक्षणाबद्दल आदर ठेवूनही आम्ही म्हणतो, की ज्यांच्या जाळ्यांची ही चित्रे, त्यांच्यापर्यंत ती गेली नाहीत.

आपल्या कोकणातही दालदी आणि कोळी यांची जाळी किनाऱ्यावर वाळत पडलेली असतात. आपल्या साहित्यात ती बहुतेक वेळा देखाव्यापुरती येतात, आपण अजून दुमक्याच्या पाहुण्यासारखेच लिहितो. त्या पाहुण्याला जाळ्यातल्या माशाच्या डोळ्यापर्यंत पोहोचायला वीस वर्षे लागली. ती वाट आपल्यालाही चालावी लागेल.